बाटलीतली साखर चार्टवर लिहा: कोल्हापुरातल्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सरकारी आणि खासगी रुग्णालयांचे प्रमुख, फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि वॉर्डात ड्युटी करणाऱ्या सर्व सिस्टर व ब्रदर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे. शहरातल्या काही रुग्णालयांत व्हिजिटला जाते, पेशंटचा आहार ठरवून देते, डाएट शीट लिहिते. या पत्रात माझी मागणी एकच आहे. सलाईनच्या बाटलीतून पेशंटला जी साखर जाते ती ग्रॅममध्ये लिहिली जावी, आणि ती आहार म्हणून मोजली जावी.

आज काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. इनटेक-आउटपुट चार्टवर '५०० मिली डीएनएस' (साखर आणि मीठ दोन्ही असलेलं सलाईन) असं लिहितात, पुढे वेळ, पुढे सही. त्या ५०० मिलीत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज ही साखर, होतं याची नोंद कुठेच होत नाही. माझ्या हातात जी डाएट शीट येते तिच्यावर त्या बाटलीचा उल्लेखही नसतो. तिथे 'एनबीएम' (तोंडाने काही द्यायचं नाही) नाहीतर 'डायबेटिक डाएट' एवढंच असतं. तोंडाने काय खाल्लं ते आम्ही बघायचं, शिरेतून काय गेलं ते तुम्ही बघायचं, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. या दोन्हींची बेरीज करायचं काम कुणाकडेच नाही.

आकडे सोपे आहेत. पाच टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे दर १०० मिलीत ५ ग्रॅम. डी-फाइव्हची (नुसत्या पाच टक्के डेक्स्ट्रोजची) ५०० मिलीची बाटली असो की डीएनएसची, दोन्हीत २५ ग्रॅम. घरच्या मापाने पाच-सहा चमचे साखर. दहा टक्क्यांच्या ५०० मिलीत ५० ग्रॅम. इमर्जन्सी ट्रेमध्ये पंचवीस टक्क्यांची १०० मिलीची छोटी बाटली असते, तिच्यातही २५ ग्रॅमच. लहान मुलांना लावतात त्या आयसोलाइट-पीमध्ये पाच टक्के. आरएल (रिंगर लॅक्टेट) आणि एनएस (साधं मिठाचं सलाईन) यांत शून्य. एवढं पाठ असलं की बाकी सगळं तोंडी गणित आहे.

आता दुसरा आकडा बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल, म्हणजे १०० मिलीत १०० मिलिग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात फिरणारी साखर होते फक्त ५ ग्रॅम. एका बाटलीत त्याच्या पाचपट साखर आहे. निरोगी माणसाचं स्वादुपिंड ती येईल तशी पेशींत पोचवतं, त्यामुळे काही जाणवत नाही. ज्याचं इन्सुलिन कमी पडतं, किंवा ज्याच्या अंगात ऑपरेशनचा, जंतुसंसर्गाचा, स्टेरॉइडचा ताण आहे, त्याच्या रक्तात ती साचत जाते.

वेगाचंही तसंच. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो. मिनिटाला २० थेंबांनी बाटली चालली तर तासाला ६० मिली, म्हणजे ३ ग्रॅम साखर. ही झेपणारी गोष्ट आहे. तीच बाटली 'जरा फास्ट सोडा' म्हणून तासाभरात संपवली तर २५ ग्रॅम तासात गेले. ६० किलोच्या माणसाच्या हिशेबाने हे मिनिटाला किलोमागे जवळपास ७ मिलिग्रॅम झालं. आजारी माणसाचं शरीर मिनिटाला किलोमागे ४ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपासच ग्लुकोज जाळू शकतं. उरलेलं रक्तात थांबतं, आणि रक्तातली पातळी साधारण १८०च्या वर गेली की लघवीतून बाहेर पडायला लागतं. पडताना सोबत पाणी आणि क्षार ओढून नेतं. आउटपुटच्या रकान्यात लघवी भरपूर दिसते, राउंडला 'युरिन छान होतेय' म्हणून सगळ्यांना बरं वाटतं, आणि पेशंट मात्र आतून सुकत असतो. शुगर पेशंटची लघवी अचानक वाढली असेल तर किडनीवर समाधान मानण्याआधी बाटली कोणती होती ते बघायला हवं. ग्रॅम लिहिलेले असतील तर ते एका नजरेत दिसेल.

एका केसपेपरबद्दल सविस्तर सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. असे केसपेपर मला जवळपास सगळीकडे दिसले आहेत, त्यामुळे त्या एका ठिकाणाला दोष देण्यात अर्थ नाही.

पन्नाशी उलटलेल्या एक बाई, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल. बरीच वर्षं डायबेटिस, घरी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठपासून डीएनएसच्या दोन बाटल्या, आरएलची एक आणि शेवटी डी-फाइव्हची एक. चार्टवर बेरीज २,००० मिली, नीटनेटकी, लाल शाईने खाली रेघ मारलेली. संध्याकाळी सातला ग्लुकोमीटरवर शुगर २८८. रात्री नऊला स्केलप्रमाणे (शुगरच्या आकड्यानुसार ठरवून दिलेल्या मात्रेने) रेग्युलर इन्सुलिन कातडीखाली दिलं. अकराच्या सुमाराला सलाईन शिरेबाहेर गेली, हात सुजला, बाटली बंद केली. नवी शीर सापडेना, बाई झोपी गेल्या होत्या, म्हणून सकाळी बघू असं ठरलं. पहाटे दोनला सुनेने हाक मारली: अंग घामाने भिजलंय, बोलणं बरळल्यासारखं. शुगर ५८. धावपळ करून शीर लावली, पंचवीस टक्क्यांची बाटली दिली. सकाळी सहाला शुगर २४६. पुन्हा इन्सुलिन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाईल माझ्यासमोर आली ती 'अनकंट्रोल्ड शुगर, डाएट ॲडव्हाइस' या शेऱ्यासह. मी बेरीज केली. डीएनएसचे ५० ग्रॅम. डी-फाइव्हची बाटली लावली तेव्हाच चार्टवर ५०० लिहिलं गेलं होतं, पण अकरापर्यंत ती अर्धीच गेली होती, म्हणजे साडेबारा ग्रॅम. पहाटेचे २५. एकूण साडेसत्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं. तोंडाने काही न खाल्लेल्या बाईंच्या डाएट शीटवर त्या दिवसापुढे 'एनबीएम' आणि आडवी रेघ होती. शुगर असलेल्या पेशंटला मी एका जेवणात साधारण ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं देते. तिथे एका 'उपाशी' दिवसात दीड जेवणाची साखर गेली होती. त्याच दुपारी सुनेने विचारलं की चहाबरोबर एक मारी बिस्किट देऊ का, आणि तिला नाही सांगण्यात आलं. त्या बिस्किटात चार-पाच ग्रॅम असतात.

त्या रात्री कुणी हलगर्जी केली नव्हती. डॉक्टरांनी स्केल लिहून ठेवलं होतं, सिस्टरनी ते पाळलं, शुगर वेळेवर तपासली, पहाटे तत्परतेने धावून गेल्या. अडचण एवढीच की २८८ हा आकडा एका कागदावर होता, बाटल्या दुसऱ्या कागदावर होत्या आणि ग्रॅम कुठल्याच कागदावर नव्हते. संध्याकाळी सातच्या शुगरशेजारी '५० ग्रॅम शिरेतून' असं लिहिलेलं असतं, तर फोनवर ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांनी आधी पुढची बाटली बदलून आरएल करायला सांगितली असती. आणि इन्सुलिन द्यायचंच ठरलं असतं, तर रात्री अकराला बाटली बंद पडल्यावर 'तासाला इतके ग्रॅम चालू होते ते थांबले' हे सिस्टरच्या लक्षात आलं असतं आणि तेव्हाच फोन गेला असता. इन्सुलिन अंगात सहा ते आठ तास काम करत राहतं. साखरेचा पुरवठा शीर फुगली की त्या क्षणाला थांबतो. पहाटेचा घाम त्या अंतरातून आला.

काही ठिकाणी डेक्स्ट्रोजच्या बाटलीतच हिशेबाने इन्सुलिन घालतात, 'न्यूट्रलाइज' करतात. बाटली थांबली की दोन्ही थांबतं, हा त्यातला फायदा. पण तिथेही इन्सुलिनचे युनिट बाटलीवर चिकटपट्टीने लिहिलेले असतात आणि ग्रॅम लिहिलेले नसतात. ज्याच्यासाठी ते युनिट घातले तोच आकडा गायब.

बाटल्यांखेरीज साखर येते ती औषधांच्या पाण्यातून. काही औषधं पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावी लागतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन हे एक. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन-बी हे दुसरं, ते सलाईनमध्ये मिसळलं तर साका धरतं. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) पेशंट महाराष्ट्रभर आले तेव्हा हे औषध आपण सगळ्यांनी बघितलं. त्या पेशंटपैकी बहुतेकांना डायबेटिस होता, वर स्टेरॉइड झालेली, आणि वाढलेली शुगर हेच त्या बुरशीचं खाद्य. त्यांना औषध द्यायचं ते डेक्स्ट्रोजमधूनच, रोज, कित्येक आठवडे. त्याला पर्याय नव्हता आणि नाही. पण ५०० मिलीत दिलं तर रोजचे २५ ग्रॅम त्यात धरून इन्सुलिन आणि जेवण बसवता येतं. धरलेच नाहीत तर रोज शुगर का चढते याचं उत्तर घरून येणाऱ्या डब्यात शोधलं जातं. त्या दिवसांत डब्यावरून नातेवाइकांना बोलणी खाताना मी ऐकलं आहे.

कोल्हापूरची एक वेगळी अडचण आहे, ती इथे मांडायलाच हवी. आपल्याकडे पेशंट लांबून येतो. चंदगड-आजऱ्याहून, शाहूवाडीहून, घाट चढून कोकणातून, निपाणी-चिकोडीकडून. वाटेत गावातला दवाखाना, मग तालुक्याचं रुग्णालय, मग शहर. प्रत्येक ठिकाणी एखादी बाटली लागलेली असते आणि रेफरन्स चिठ्ठीवर 'आयव्ही फ्लुइड्स दिले' एवढंच असतं. कॅज्युअल्टीत पहिली शुगर ३५० येते. ती मूळची किती आणि वाटेतल्या बाटल्यांची किती, हे कळायला मार्ग नसतो. पक्षाघाताच्या पेशंटमध्ये तर हे फार महत्त्वाचं. शुगर कमी झालेली नसेल तर त्यांना डेक्स्ट्रोज टाळायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ॲम्ब्युलन्समध्ये हुकाला टांगलेली बाटली कोणती होती हे चिठ्ठी सांगत नाही. रेफरन्स चिठ्ठीवर 'डीएनएस ५०० मिली, २५ ग्रॅम, सुरू सकाळी १०' एवढी ओळ आली तरी पुढच्या डॉक्टरांचं काम किती सोपं होईल.

रक्त काढतानाही चालू बाटली अशीच विसरली जाते. ज्या हाताला डेक्स्ट्रोज चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने सॅम्पल घेतलं तर लॅबमध्ये शुगर भलतीच वर येते आणि सोडियम-पोटॅशियम पातळ होऊन खाली येतं. सॅम्पल दुसऱ्या हाताचं हवं. ग्लुकोमीटरचंही तेच: बाटली बदलताना बोटाला लागलेलं डेक्स्ट्रोज किंवा पेशंटने सोललेल्या फळाचा रस बोटावर राहिला तर आकडा खोटा येतो.

एवढं वाचून कुणाला वाटेल की ही बाई डेक्स्ट्रोजच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. उलट नातेवाइकांच्या भीतीपायी डेक्स्ट्रोज बंद पडण्याची मला जास्त काळजी वाटते. टाइप-१ डायबेटिसचं लेकरू कीटोॲसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून) दाखल होतं, इन्सुलिनचा ड्रिप सुरू होतो, शुगर उतरत उतरत २५०च्या आसपास येते आणि तिथे डॉक्टर पाच टक्के डेक्स्ट्रोज जोडतात. कारण रक्तातलं आम्ल अजून गेलेलं नसतं, ते जाईपर्यंत इन्सुलिन चालू ठेवावं लागतं, आणि इन्सुलिन चालू ठेवायचं तर साखर पुरवावी लागते. आईबापांना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना दिसते ती फक्त ग्लुकोजची बाटली. 'पोराला शुगर आहे आणि ग्लुकोज लावताय?' म्हणून वॉर्डात आवाज चढतो, कधी कधी कुणी जाऊन बाटलीच्या नळीचा रोलर बंद करून येतं. इथे चार वाक्यांत समजावून सांगणारं माणूस हवं. चार्टवर तासाला किती ग्रॅम आणि तासाला किती युनिट हे शेजारी शेजारी लिहिलेलं असेल, तर ते दाखवून सांगता येतं. शिकलेल्या न शिकलेल्या कुठल्याही आईला ते कळतं, मी सांगून बघितलं आहे.

तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणारे आजोबा. पावसाळ्यात जुलाब होतात, दोन दिवस पेजेवर काढतात, गोळी मात्र सकाळी नेमाने घेतात. शुगर ४० होऊन बेशुद्ध येतात. पंचवीस टक्क्यांची बाटली गेली की डोळे उघडतात, बोलतात, आणि घरचे म्हणतात आता नेतो. किडनी थकलेली असेल तर ती गोळी अंगात दिवसभर, कधी त्याहून जास्त काम करते. त्या २५ ग्रॅमनी दोन तासही भागत नाही, पुढे दहा टक्क्यांची बाटली हळू चालवत ठेवावी लागते. इथे डेक्स्ट्रोज हेच औषध आहे आणि औषधाला मात्रा लिहायची असते. क्रोसिन ६५० लिहितो, सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम लिहितो. डेक्स्ट्रोजचे ग्रॅम का लिहीत नाही, याचं मला आजवर पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

आता याची दुसरी बाजू. आहारतज्ज्ञ म्हणून मला ती पहिलीपेक्षा जास्त छळते.

बाटली चालू आहे म्हणजे पेशंटला अन्न मिळतंय, असा एक पक्का समज आपल्या लोकांत आहे. आणि खरं सांगायचं तर थोडाफार आपल्या वॉर्डांतही आहे. पाचशेच्या एका बाटलीतून ८५ ते १०० किलोकॅलरी मिळतात, ग्लुकोज कोणत्या रूपात मोजलंय त्यावर थोडा फरक. दिवसात तीन बाटल्या गेल्या तर फार तर ३००. साठ किलोच्या पेशंटला रोज १,५०० ते १,८०० लागतात. प्रथिनं शून्य, फॅट शून्य, जीवनसत्त्वं शून्य. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची २०१३ सालची फ्लुइडची मार्गदर्शक तत्त्वं मोठ्या माणसाला रोज ५० ते १०० ग्रॅम ग्लुकोज द्यायला सांगतात, म्हणजे दोन ते चार बाटल्या, आणि तिथेच स्पष्ट म्हणतात की हे उपासमारीचे कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) रोखण्यापुरतं आहे, यातून पोषणाची गरज भागत नाही. उपाशी शरीर साखरेसाठी स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. शंभर ग्रॅम ग्लुकोजने ती मोडतोड बरीच कमी होते. कमी होते, थांबत नाही.

म्हणून पहिले एक-दोन दिवस बाटलीवर काढणं वेगळं आणि सहा-सात दिवस काढणं वेगळं. आतड्याच्या ऑपरेशननंतर 'अजून गॅस पास झाला नाही' म्हणून आठवडाभर डीएनएस आणि आरएल आलटून पालटून चाललेले पेशंट मी बघते. दंडाचं मांस हातात घेतलं तर कातडीच हाताला लागते. चार्टवर रोज २,५०० मिली लिहिलेलं असतं आणि तो आकडा भरलेला दिसतो, म्हणून कुणाला खटकत नाही. त्याच ठिकाणी 'आज एकूण ५० ग्रॅम, २०० किलोकॅलरी, प्रथिनं ०' असं सात दिवस ओळीने दिसलं असतं, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी नाकातून नळी घालायचा विषय काढला असता. पाच दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच खाल्लं नसेल तर पोषणाची वेगळी सोय करायचा विचार करा, हे 'नाइस'च्याच २००६च्या तत्त्वांत आहे. पोट चालत असेल तर नळीने, चालत नसेल तर टीपीएन, म्हणजे शिरेतून पूर्ण पोषण. आणि टीपीएनच्या वेळी बघा, तेच डेक्स्ट्रोज आपण ग्रॅम ग्रॅम मोजतो, कारण तिथे ऑर्डरचा कागदच तसा आहे. साखर तीच, वाट शिरेचीच, कागद बदलला की मोजदाद सुरू होते. म्हणूनच मी तुमच्याकडे कागदच मागते आहे.

खूप दिवस उपाशी असलेल्या किंवा रोज दारू पिणाऱ्या पेशंटच्या बाबतीत तर ही नोंद जिवावरची आहे. अशा शरीरात बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) संपत आलेलं असतं. त्यात एकदम साखर ओतली तर उरलंसुरलं बी-१ तीच खाऊन टाकते आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन आधी किंवा डेक्स्ट्रोजबरोबरच द्यायचं. (शुगर धोकादायक कमी असेल तर मात्र थायमिनसाठी डेक्स्ट्रोज थांबवायचं नाही.) पुढे साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन रक्तात झपाट्याने उतरतात, हृदयाचे ठोके बिघडतात. अशा माणसाला दहा टक्क्यांची बाटली 'ताकद यावी' म्हणून लावणं किती धोक्याचं आहे, हे पहिल्या दिवसाचे ग्रॅम लिहिताना आपोआप डोळ्यासमोर येतं.

ताकदीचा विषय निघालाच आहे तर ओपीडीबद्दल दोन शब्द. ऊसतोडीच्या हंगामात, यात्रांनंतर, तापानंतर माणसं येतात आणि म्हणतात, 'डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.' लावली नाही तर समोरच्या दवाखान्यात जातात, ही तुमची अडचण मला कळते. पण त्यांना शंभर किलोकॅलरीसाठी तीन तास पडून राहावं लागतं आणि दिवसाची मजुरी बुडते. पेलाभर म्हशीच्या दुधात त्याच्या दुप्पट असतात, वर प्रथिनं. जुलाब झाले असतील आणि तोंडाने जात असेल तर ओआरएस पुरतं. त्यातलं ग्लुकोज लिटरमागे साडेतेरा ग्रॅमच असतं, ते आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढायला असतं. बाटली लावाच, हवं तर, पण तिच्यात काय आहे ते त्या माणसाला सांगा. घरी गेल्यावर तो जेवणार आहे की 'सलाईन झालीय, आता काय खायची गरज नाही' म्हणून झोपणार आहे, ते त्या सांगण्यावर ठरतं.

एनबीएमबद्दल भूलतज्ज्ञांना एक विनंती. भुलीआधी घन आहार सहा तास आणि साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास, हे जगभर मान्य झालेलं आहे. आपल्याकडे मात्र अजून 'रात्री दहानंतर काही नाही' हेच सांगितलं जातं, आणि ऑपरेशनची लिस्ट लांबली की चौथ्या क्रमांकाच्या पेशंटला दुपारचे तीन वाजतात. सतरा तास कोरडा उपवास झाला की डोकं दुखतं, चक्कर येते, आणि मग बाटली लावावीच लागते. लिस्ट सकाळी ठरली की वॉर्डात फोन करून 'चार नंबरला अकरापर्यंत पाणी, कोरा चहा चालेल' एवढं सांगितलं, तर कितीतरी बाटल्या आपोआप वाचतील. डायबेटिसच्या पेशंटला लिस्टमध्ये पहिला नंबर देणं हेही तुमच्याच हातात आहे.

आता मी नेमकं काय मागते आहे ते.

इनटेक-आउटपुट चार्टवर मिलीच्या शेजारी 'डेक्स्ट्रोज ग्रॅम' असा रकाना छापून घ्यावा. बाटली लावताना रकाना मोकळा ठेवावा आणि संपली किंवा काढली की प्रत्यक्ष गेली तेवढी भरावी, म्हणजे अर्ध्या बाटलीचे साडेबाराच लिहिले जातील. औषधाबरोबर गेलेले १०० मिलीचे ५ ग्रॅमही त्यातच. सकाळच्या हॅन्डओव्हरला चोवीस तासांची बेरीज एका आकड्यात. ग्लुकोमीटरची नोंद याच कागदावर, ग्रॅमच्या बाजूला. डाएट शीटवर ती बेरीज उतरवून घ्यायचं काम आमचं, ते आम्ही करू. सिस्टर, तुमच्यावर आधीच लिखापढीचं किती ओझं आहे हे मी रोज बघते. एका वॉर्डात तीस पेशंट आणि रात्रपाळीला दोघीच, हे मला माहीत आहे. म्हणून मी गुणाकार करायला सांगत नाही. वरचे आकडे एका पट्टीवर छापून सलाईनच्या स्टँडला किंवा नर्सिंग स्टेशनच्या काचेला लावले की बघून लिहायचं, बस. ती पट्टी मी तयार करून देते, मराठीत आणि मोठ्या अक्षरात.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी. ऑर्डर लिहिताना डेक्स्ट्रोजचं कारण एका शब्दात लिहा: एनबीएम, हायपो (शुगर फार उतरणं), कीटोसिस (कीटोन साचणं), औषधासाठी. कारण संपलं की बाटली बदला. आणि डायबेटिसच्या पेशंटची इन्सुलिनची ऑर्डर लिहिताना 'डेक्स्ट्रोज थांबल्यास कळवा' ही ओळ कायम जोडा. फोन रात्री अडीचला आला तर चिडू नका, एवढीच सिस्टरच्या वतीने विनंती.

रुग्णालयाच्या प्रमुखांनी हे एकदम सगळीकडे सुरू करायची गरज नाही. सर्जिकल वॉर्डमध्ये डायबेटिसच्या पेशंटपुरतं महिनाभर करून बघा. हायपो किती झाले, रात्री इन्सुलिनच्या ऑर्डर किती वेळा बदलाव्या लागल्या, नळीने आहार किती लवकर सुरू झाला, हे आधीच्या महिन्याशी ताडून बघा. फरक पडला नाही तर रकाना काढून टाका, मी हट्ट धरणार नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अर्धा तास हवा असेल तर शहरात कुठेही, आणि तालुक्याच्या रुग्णालयांतही, मी माझ्या खर्चाने यायला तयार आहे. चार्टची नवी छपाई बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा होते. यंदाची छपाई प्रेसमध्ये जाण्याआधी मला एकदा बोलवा, रकान्याचा कच्चा नमुना माझ्याकडे तयार आहे.

आपली,
एक आहारतज्ज्ञ
कोल्हापूर